बंद झालेल्या क्रिस्टल आणि ऑसिलेटरला पर्याय कसा शोधायचा? संपूर्ण माहिती

स्मार्टफोनचा विषय निघाला की आपण प्रोसेसर, कॅमेरा, बॅटरी यांवर बोलतो. पण या सगळ्यांना ताल धरून देणारा एक छोटासा पार्ट असतो, त्याचं नाव क्वचितच कुणी घेतं. तो म्हणजे ऑसिलेटर. तो थांबला की फोन असो, टीव्हीचा रिमोट असो किंवा कॉलेजच्या लॅबमधलं किट असो, सगळं ठप्प होतं.

जुन्या उपकरणांतले हे पार्ट आता एकेक करून बनायचे बंद होत आहेत. दुकानदार सांगतो, "हा आता येत नाही." ऑनलाइन शोधलं तर नावापुढे "ऑब्सोलीट" लिहिलेलं दिसतं. मग चांगलं चालणारं उपकरण चहाच्या किमतीच्या एका पार्टपायी भंगारात जातं. हे टाळता येतं, पण त्यासाठी नीट निवड करावी लागते. नुसती फ्रिक्वेन्सी जुळली म्हणजे पर्याय मिळाला, असं होत नाही. उलट चुकीचा पार्ट लावल्यावर उपकरण चालू होतं आणि चुकीचं चालत राहतं. बंद पडलेलं घड्याळ निदान आपण बाजूला ठेवतो, पण रोज थोडं थोडं मागे पडणाऱ्या घड्याळावर आपण विश्वास ठेवतो. चला तर मग, पर्याय कसा शोधायचा ते पायरीपायरीने पाहूया.

ऑसिलेटर म्हणजे नेमकं काय?

ठरावीक वेगाने सतत वर-खाली होणारा विजेचा सिग्नल तयार करणारं सर्किट म्हणजे ऑसिलेटर. एका सेकंदात तो किती वेळा वर-खाली होतो, ती त्याची फ्रिक्वेन्सी. प्रोसेसर प्रत्येक काम याच ठोक्यांवर करतो.

हा ठोका पक्का ठेवण्यासाठी बहुतेक ठिकाणी क्वार्ट्झ क्रिस्टल वापरतात. क्वार्ट्झवर दाब दिला की वीज तयार होते आणि वीज दिली की तो किंचित आकार बदलतो. त्यामुळे क्वार्ट्झची पातळ चकती ठरावीक वेगाने थरथरत राहते. चकती जितकी पातळ, तितकी फ्रिक्वेन्सी जास्त. नेहमीच्या एटी कट प्रकारात १० मेगाहर्ट्झची चकती साधारण ०.१७ मिलीमीटर जाडीची असते. म्हणूनच क्रिस्टल हातातून पडला की तो आतून फुटू शकतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

हे पार्ट बंद का होतात?

पहिलं कारण म्हणजे आकार. आज सगळ्यात मोठी मागणी फोन आणि घालण्याच्या उपकरणांची आहे. त्यांना तांदळाच्या दाण्याहून लहान पार्ट हवे असतात. साहजिकच मोठ्या धातूच्या डबीतले क्रिस्टल आणि ५ व्होल्टवर चालणारे जुने ऑसिलेटर मागे पडले. कमी फ्रिक्वेन्सीला जाड आणि मोठी चकती लागते, ती लहान डबीत मावत नाही. त्यामुळे ३-४ मेगाहर्ट्झचे क्रिस्टल छोट्या आकारात सहज सापडत नाहीत.

दुसरं कारण, वापरच संपला. ३.५७९५४५ मेगाहर्ट्झ हा आकडा अमेरिकेच्या जुन्या एनटीएससी रंगीत टीव्हीतून आला, तर ४.४३३६१९ हा आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या टीव्हीतला. ते टीव्ही गेले, त्यांच्याबरोबर मागणीही गेली.

तिसरं कारण, पुरवठा मोजक्या हातांत असणं. २० ऑक्टोबर २०२० रोजी जपानमधल्या नोबेओका इथल्या आसाही कासेई मायक्रोडिव्हाइसेसच्या कारखान्याला आग लागली. तापमानानुसार स्वतःला सावरणारे जे ऑसिलेटर असतात, ज्यांना टीसीएक्सओ म्हणतात, त्यांच्या आतल्या चिप तिथे बनत होत्या. ती एक फॅक्टरी बंद पडली आणि जगभर टीसीएक्सओचा तुटवडा झाला.

पायरी १: तुमच्याकडे नक्की काय आहे ते ओळखा

एकाच आकाराच्या डबीत वेगवेगळे पार्ट असू शकतात. म्हणून मी सगळ्यात आधी फोनच्या कॅमेऱ्याने झूम करून पार्टवरची अक्षरं आणि आजूबाजूचं सर्किट, दोन्हीचे फोटो काढतो.

- क्रिस्टल: दोन पायांची धातूची डबी. जवळच १५ ते ३३ पिकोफॅरडचे दोन छोटे कपॅसिटर बहुतेक वेळा दिसतात. याला स्वतःचा सप्लाय नसतो.
- घड्याळाचा क्रिस्टल: बारीक नळीसारखा, फ्रिक्वेन्सी ३२,७६८ हर्ट्झ. हा आकडा म्हणजे २ चा १५वा घात. पंधरा वेळा अर्धा केला की बरोबर सेकंदाला एक ठोका मिळतो.
- सिरॅमिक रेझोनेटर: दोन किंवा तीन पायांचा, बहुधा निळा किंवा नारिंगी. तीन पायांच्या प्रकारात कपॅसिटर आतच असतात आणि मधला पाय ग्राउंडला जातो.
- तयार ऑसिलेटर: चार पायांची चौकोनी डबी. सप्लाय दिला की आपोआप सिग्नल देते.
- ऑसिलेटर आयसी: ५५५, एक्सआर-२२०६ यांसारख्या चिप.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो चार टोकांच्या लहान चपट्या डबीत. ३.२ बाय २.५ मिलीमीटरची डबी साधा क्रिस्टल असू शकते, तयार ऑसिलेटर असू शकते किंवा टीसीएक्सओही. क्रिस्टल असेल तर साधारणपणे समोरासमोरची दोन टोकं ग्राउंडला जातात. ऑसिलेटर असेल तर एका टोकावर सप्लाय येतो आणि एकच टोक ग्राउंडला असतं. मल्टिमीटरने हे दोन मिनिटांत कळतं.

पायरी २: या सहा गोष्टी जुळवा

१. फ्रिक्वेन्सी, शेवटच्या आकड्यापर्यंत. "१२ च्या ऐवजी ११.०५९२ कशाला, जवळपासच आहे की!" असं वाटू शकतं. पण ८०५१ मायक्रोकंट्रोलरमध्ये ११.०५९२ मेगाहर्ट्झला १२ ने, मग ३२ ने आणि मग ३ ने भागलं की बरोबर ९६०० येतात. हा सिरियल पोर्टचा नेहमीचा वेग. तिथे १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावला तर तोच हिशोब १०,४१७ वर जातो, म्हणजे साडेआठ टक्के जास्त. एका अक्षराचे दहा बिट जातात. शेवटच्या बिटापर्यंत ही चूक साठत साठत अर्ध्या बिटापलीकडे जाते. दिवे लागतात, डिस्प्ले चालतो, पण कॉम्प्युटरवर भलतीच अक्षरं उमटतात.

२. लोड कपॅसिटन्स. क्रिस्टल ठरलेली फ्रिक्वेन्सी कधी देतो? त्याच्या दोन टोकांवर ठरलेला कपॅसिटन्स असेल तेव्हाच. हिशोब सोपा आहे. दोन्ही कपॅसिटर सारखे असतील तर एकाची किंमत निम्मी करा आणि त्यात बोर्डच्या तारांचे साधारण ५ पिकोफॅरड मिळवा. दोन्ही २२ चे असतील तर ११ अधिक ५, म्हणजे १६. नवा क्रिस्टल २० पिकोफॅरडचा असेल तर कपॅसिटर ३० किंवा ३३ चे करावे लागतील.

घड्याळाच्या क्रिस्टलमध्ये हे जास्त बोचतं. तो ६, ७, ९ आणि १२.५ पिकोफॅरड अशा प्रकारांत मिळतो आणि बाहेरून सगळे सारखेच दिसतात. डीएस१३०७ ही घड्याळाची आयसी १२.५ साठी बनवलेली आहे. तिला ६ चा क्रिस्टल लावला तर घड्याळ मागे पडतं, नेहमीच्या क्रिस्टलमध्ये सुमारे १०० पीपीएमने. पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक. १०० पीपीएम म्हणजे दिवसाला ८.६ सेकंद आणि महिन्याला चार मिनिटांहून जास्त.

३. फंडामेंटल की ओव्हरटोन. साधारण ३० मेगाहर्ट्झच्या पुढचे बरेच जुने क्रिस्टल मूळ फ्रिक्वेन्सीवर न चालता तिच्या तिप्पट वेगावर चालवलेले असतात. रिमोटवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांचे २७ मेगाहर्ट्झचे क्रिस्टल असेच. असा क्रिस्टल साध्या सर्किटमध्ये लावला तर तो ९ मेगाहर्ट्झच्या आसपास चालू लागतो. जुन्या बोर्डवर क्रिस्टलजवळ छोटी कॉइल दिसली तर सावध व्हा, ती बहुधा याचसाठी असते.

४. अंतर्गत रोध आणि सोसण्याची ताकद. आकार लहान झाला की क्रिस्टलचा अंतर्गत रोध, म्हणजे ईएसआर, सहसा वाढतो. मग जुनं सर्किट त्याला हलवू शकत नाही. दुपारी चालू होतं, थंडीच्या पहाटे चालू होत नाही, असे प्रकार यातूनच होतात. दुसरीकडे, मोठ्या डबीला चालणारी ताकद छोट्याला सोसत नाही. मोठ्या एचसी-४९ डबीतले क्रिस्टल ५०० मायक्रोवॉट किंवा त्याहून जास्त सोसतात, तर लहान चपट्या क्रिस्टलची मर्यादा अनेकदा १०० मायक्रोवॉटच असते. अशा वेळी सिरीजमध्ये रेझिस्टर घालावा लागतो.

५. अचूकता आणि तापमान. सिरॅमिक रेझोनेटरची चूक अर्ध्या टक्क्याच्या आसपास, तर साध्या क्रिस्टलची २० ते ५० पीपीएम. टीसीएक्सओ एक-दोन पीपीएमपर्यंत किंवा त्याहूनही खाली येतो. वरचा प्रकार खालच्याच्या जागी चालून जाईल, उलट कधीच नाही. घड्याळाचा क्रिस्टल २५ अंश सेल्सिअसला सगळ्यात बरोबर चालतो, तापमान वाढो की कमी होवो, तो मागेच पडतो. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेल्या उपकरणाला हे नक्की जाणवतं.

६. व्होल्टेज आणि पिना. ही गोष्ट तयार ऑसिलेटरसाठी. जुने बहुतेक ५ व्होल्टचे, नवे ३.३ किंवा १.८ चे. थेट ५ व्होल्ट दिले तर नवा पार्ट जळू शकतो.

नेहमी भेटणारी चार उदाहरणं

टीव्हीचा जुना रिमोट. यात ४५५ किलोहर्ट्झचा सिरॅमिक रेझोनेटर असतो. त्याला १२ ने भागलं की ३७.९ किलोहर्ट्झ मिळतात आणि टीव्हीचा सेन्सर ३८ ला ट्यून केलेला असतो. रिमोट आपटला की हाच पार्ट आधी जातो. दुसऱ्या भंगार रिमोटमधला ४५५ चा रेझोनेटर इथे बिनधास्त चालतो. फक्त आकडा वाचा. काही रिमोटमध्ये ४३२ चा असतो, कारण त्यांचा सेन्सर ३६ किलोहर्ट्झचा असतो. अदलाबदल केली तर रिमोट फक्त जवळून चालेल.

पंपापासून अलार्मपर्यंत कुठलाही टायमर. यातला क्रिस्टल ३२,७६८ चा असेल तर काळजी नको, तो आजही सर्रास बनतो. लोड कपॅसिटन्स मात्र आयसीच्या डेटाशीटमधून बघून घ्या. वारंवार वेळ चुकत असेल तर डीएस३२३१ चा तयार बोर्ड घेणं जास्त बरं. त्यात क्रिस्टल आणि तापमानाची दुरुस्ती आतच असते आणि ० ते ४० अंशांत चूक २ पीपीएमच्या आत राहते.

५ व्होल्टची चार पायांची धातूची डबी. जुन्या कॉम्प्युटर कार्डवर आणि मोजमाप यंत्रांत दिसते. मोठ्या प्रकारात ७ नंबरला ग्राउंड, ८ ला आउटपुट, १४ ला सप्लाय. इथे लहान ३.३ व्होल्टचा ऑसिलेटर छोट्या ॲडॅप्टर बोर्डवर बसवता येतो, सोबत ३.३ चा रेग्युलेटर. पण पुढची चिप ७४एचसी जातीची असेल तर तिला "हाय" समजायला ५ व्होल्टच्या सप्लायवर ३.५ व्होल्ट लागतात, ३.३ पुरत नाहीत. मध्ये ७४एचसीटी जातीचा एक बफर टाकला की काम होतं, कारण त्याला २ व्होल्टही पुरतात.

लॅबमधला फंक्शन जनरेटर. एक्सआर-२२०६, आयसीएल८०३८ आणि मॅक्स०३८ या तिन्ही प्रसिद्ध चिप मूळ कंपन्यांनी बंद केल्या. आजही त्या स्वस्तात विकायला दिसतात, पण त्यात जुन्या काढलेल्या आणि नव्याने नाव छापलेल्या चिप भरपूर असतात. आज सहज मिळणारा पर्याय म्हणजे एडी९८३३. पण तो थेट सॉकेटमध्ये बसत नाही. त्याला मायक्रोकंट्रोलरकडून आकडा द्यावा लागतो आणि त्याची साइन वेव्ह जेमतेम ०.६ व्होल्टची असते, म्हणजे पुढे ॲम्प्लिफायर हवाच. पार्ट बदलण्यापेक्षा तो अख्खा भाग नव्याने करण्याची तयारी ठेवा.

याउलट ५५५ बघा. हॅन्स कॅमेंझिंड यांनी सिग्नेटिक्ससाठी १९७१ मध्ये बनवलेली ही चिप आजही सहज मिळते. कारण अनेक कंपन्यांनी ती त्याच पिनांसह बनवली. स्वतःचा प्रोजेक्ट करताना हा धडा लक्षात ठेवा. एकाच कंपनीचा पार्ट असेल तर तो बंद झाल्यावर वालीच उरत नाही.

विचित्र फ्रिक्वेन्सी कुठेच मिळत नसेल तर?

- प्रोग्रामेबल ऑसिलेटर: मोठे विक्रेते मागाल ती फ्रिक्वेन्सी भरून देतात. बाहेरून काही करावं लागत नाही.
- एसआय५३५१ चा बोर्ड: ८ किलोहर्ट्झ ते १६० मेगाहर्ट्झ यांतला जवळपास कुठलाही सिग्नल देतो. पण साध्या बोर्डला दर वेळी सप्लाय आल्यावर मायक्रोकंट्रोलरकडून सूचना द्यावी लागते.
- ऑर्डर देऊन बनवलेला क्रिस्टल: काही कारखाने कमी संख्येतही बनवून देतात, पण पैसे आणि वेळ जास्त लागतो.

पहिल्या दोन्हींत ठोका सरासरीने बरोबर असतो, पण प्रत्येक ठोका किंचित पुढे-मागे हलतो. याला जिटर म्हणतात. मायक्रोकंट्रोलरला त्याने फरक पडत नाही. ऑडिओ आणि रेडिओ सर्किटमध्ये मात्र तो खरखर बनून बाहेर येऊ शकतो.

मोठ्या कंपन्यांनाही अनपेक्षित धक्के बसतात

२०१८ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात एका हॉस्पिटलमध्ये एमआरआय मशीन बसवताना हेलियम वायू गळला आणि कर्मचाऱ्यांचे आयफोन व ॲपलची घड्याळं अचानक बंद पडली. ॲण्ड्रॉइड फोन मात्र चालू होते. कारण होतं ऑसिलेटर. त्या उपकरणांत घड्याळाच्या क्वार्ट्झ क्रिस्टलऐवजी सिलिकॉनचा सूक्ष्म ऑसिलेटर वापरला होता, ज्याला मेम्स म्हणतात. त्याच्या आतल्या निर्वात पोकळीत हेलियमचे बारीक अणू शिरले आणि ठोका बिघडला. वायू निघून गेल्यावर बरीच उपकरणं आपोआप सुरू झाली.

मेम्स वाईट आहे, असा याचा अर्थ नाही. धक्के आणि कंपनं तो क्वार्ट्झपेक्षा चांगली सोसतो. पण जुना पार्ट न सांगता जे काही सांभाळत होता, ते नवा सांभाळेलच असं नाही. पर्याय निवडताना "हा पार्ट कुठे ठेवला जाणार?" हा प्रश्न म्हणूनच विचारायचा.

कुठून घ्यायचं?

मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची बुधवार पेठ इथे जुने क्रिस्टल आजही सापडतात. जाताना जुना पार्ट आणि वरचे सहा मुद्दे कागदावर लिहून न्या. नुसतं "१६ चा द्या" म्हणालात तर लोड कपॅसिटन्स कुणी बघणार नाही.

ऑनलाइन घेताना पार्टची स्थिती वाचा. "ॲक्टिव्ह" म्हणजे चालू. "एनआरएनडी" म्हणजे अजून मिळतो, पण नव्या डिझाइनमध्ये वापरू नका. "लास्ट टाइम बाय" म्हणजे शेवटची ऑर्डर द्यायची संधी. "ऑब्सोलीट" म्हणजे संपलं. तुमचं उपकरण महत्त्वाचं असेल तर तिसऱ्या टप्प्यावरच दोन-चार जास्तीचे घेऊन ठेवा.

बसवल्यावर तपासणी कशी करायची?

इथे तुमचा स्मार्टफोनच उपयोगी पडतो.

- रिमोट: कॅमेरा चालू करून रिमोटचं टोक समोर धरा आणि बटण दाबा. दिवा लुकलुकताना दिसला तर ऑसिलेटर चालू आहे. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर सेल्फी कॅमेऱ्याने बघा.
- घड्याळ: फोनची वेळ नेटवर्कवरून आपोआप ठेवा. फोन आणि घड्याळ शेजारी ठेवून सेकंदांतला फरक लिहा. बरोबर सात दिवसांनी पुन्हा लिहा. फरक १२ सेकंदांनी बदलला तर चूक २० पीपीएम, मिनिटभराने बदलला तर १०० पीपीएम. दुसरं दिसलं की लोड कपॅसिटन्सवर संशय घ्या.
- इतर सर्किट: उपकरण वीस वेळा बंद-चालू करा. शक्य असेल तर एकदा सकाळच्या गारव्यात आणि एकदा दुपारच्या उन्हात. दर वेळी सुरू झालं तरच काम झालं म्हणा.

इथे हात घालू नका

हॉस्पिटलमधली उपकरणं स्वतः दुरुस्त करू नका. दुकान किंवा दूध डेअरीवरचा वजनकाटा परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच द्या. दुरुस्तीनंतर त्याची वैधमापन खात्याकडून पुन्हा तपासणी आणि शिक्कामोर्तब व्हावं लागतं. रेडिओ ट्रान्समीटरचा क्रिस्टल अंदाजाने बदलला तर तो दुसऱ्याच्या फ्रिक्वेन्सीवर बोलू लागेल, आणि तो कायद्याचा प्रश्न आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मल्टिमीटरने क्रिस्टल तपासता येतो का?
पूर्णपणे नाही. चांगला आणि तुटलेला, दोन्ही क्रिस्टल ओपनच दाखवतात. शॉर्ट दाखवला तर मात्र तो नक्की गेला.

चालू सर्किटवर प्रोब लावला की उपकरण का थांबतं?
प्रोबचा स्वतःचा कपॅसिटन्स क्रिस्टलवर येतो आणि ठोका बंद पडतो किंवा सरकतो. मोजायचं असेल तर मायक्रोकंट्रोलरच्या आउटपुट पिनवर मोजा.

भंगार बोर्डमधून काढलेला क्रिस्टल वापरू का?
फ्रिक्वेन्सी आणि लोड कपॅसिटन्स कळत असेल तर जरूर. काढताना जास्त वेळ गरम करू नका आणि पाय वाकवून ओढू नका.

थोडक्यात

आधी पार्टची जात ओळखा. मग फ्रिक्वेन्सी, लोड कपॅसिटन्स, ओव्हरटोन, ईएसआर आणि ताकद, अचूकता, व्होल्टेज या सहा गोष्टी जुळवा. उपकरण चालू झालं म्हणून लगेच झाकण लावू नका. आठवडाभर त्याचा ठोका बघा, मगच स्क्रू घट्ट करा.